‘जर’ आणि ‘तर’ : नीट विचार करण्याचा एक पाठ



आपल्या रोजच्या बोलण्यात ‘जर’ आणि ‘तर’ किती वेळा येतात, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. मिरगाला पाऊस लागला तर भाताचा पेरा वेळेवर होईल. ही एस.टी. चुकली तर मुक्काम पडेल. पोरगी दहावी पास झाली तर तिला कल्याणला कॉलेजात घालू. पुष्कळदा ‘जर’ हा शब्द आपण उच्चारतही नाही, पण तो वाक्यात असतोच. अशा वाक्याला तर्कशास्त्रात सोपाधिक विधान म्हणतात. उपाधी म्हणजे अट. अट पुरी झाली तर काय होईल, एवढेच असे वाक्य सांगते.

हा विषय कॉलेजातल्या विद्यार्थ्यांचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु बाबासाहेबांनी बुद्ध धम्माची थोरवी सांगताना प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे सांगितली, आणि त्यांत प्रज्ञा पहिली ठेवली. अंधश्रद्धेच्या आणि चमत्काराच्या विरुद्ध उभी राहणारी समज, असा त्यांनी प्रज्ञेचा अर्थ केला. ही समज नुसत्या इच्छेने येत नाही, तिचा सराव करावा लागतो. ‘जर-तर’चा पाठ हा त्या सरावाचा पहिला धडा होय. या धड्यातील चूक शाळेत केली तर दोन गुण जातात. शेताच्या बांधावर केली तर माणूस जाऊ शकतो, आणि कचेरीत केली तर मुलाचा हक्क जाऊ शकतो. ते कसे, हे आपण क्रमाने पाहू.

एका वाक्याची चार रूपे

आपल्या भागातलेच एक वाक्य घेऊ :

(१) जर एखादे गाव मुरबाड तालुक्यात असेल, तर ते ठाणे जिल्ह्यात आहे.

हे वाक्य खरे आहे. त्याचे दोन भाग आहेत. ‘जर’चा भाग म्हणजे अट, आणि ‘तर’चा भाग म्हणजे तिच्यामुळे मिळणारी गोष्ट. भूमितीच्या पुस्तकात प्रमेयाखाली ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ असे लिहिलेले मुलांनी पाहिले असेल. पक्ष हा ‘जर’चा भाग आणि साध्य हा ‘तर’चा भाग.

आता या दोन भागांची अदलाबदल करू :

(२) जर एखादे गाव ठाणे जिल्ह्यात असेल, तर ते मुरबाड तालुक्यात आहे.

याला उलटे वाक्य म्हणू. शाळेच्या पुस्तकात याला व्यत्यास म्हणतात. हे खरे आहे काय? डोळखांब ठाणे जिल्ह्यात आहे, पण ते शहापूर तालुक्यात आहे. म्हणजे हे वाक्य खोटे ठरले. वाक्य खोटे ठरवायला असे एकच उदाहरण पुरते.

आता अदलाबदल न करता दोन्ही भागांना नकार देऊ :

(३) जर एखादे गाव मुरबाड तालुक्यात नसेल, तर ते ठाणे जिल्ह्यात नाही.

याला नकाराचे वाक्य म्हणू. पुन्हा डोळखांबच आडवे येते. ते मुरबाड तालुक्यात नाही, तरी ठाणे जिल्ह्यात आहे. म्हणून हेही खोटे.

शेवटी दोन्ही गोष्टी करू. भागांची अदलाबदलही करू आणि दोघांना नकारही देऊ :

(४) जर एखादे गाव ठाणे जिल्ह्यात नसेल, तर ते मुरबाड तालुक्यात नाही.

हे उलट-नकाराचे वाक्य. वाडा, जव्हार, मोखाडा हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात गेले. तेव्हा तिथले कोणतेही गाव मुरबाड तालुक्यातले असू शकत नाही. हे वाक्य खरे आहे, आणि ते योगायोगाने खरे नाही. पहिले खरे असेल तर चौथे खरे असलेच पाहिजे.

असे का होते, हे शेतावरून समजून घ्या. ठाणे जिल्हा म्हणजे एक मोठे शेत आणि मुरबाड तालुका म्हणजे त्या शेतातले एक खाचर. जो खाचरात उभा आहे तो शेतात उभा आहेच. जो शेताच्याच बाहेर आहे तो खाचरात असणार नाही. पण जो शेतात आहे तो याच खाचरात आहे असे म्हणता येईल का? तो शेजारच्या खाचरात लावणी करीत असेल! आणि जो या खाचरात नाही तो शेतातच नाही, असे तरी कसे म्हणावे?

म्हणून हा नियम पाठ करावा : मूळ वाक्य खरे असेल तर उलट-नकाराचे वाक्य त्याच्याबरोबर आपोआप मिळते. उलटे वाक्य आणि नकाराचे वाक्य आपोआप मिळत नाहीत. ती कधी खरी असतील, कधी खोटी, पण त्यांच्यासाठी वेगळा पुरावा मागावा लागतो. दहावीच्या भूमितीत पायथागोरसचे प्रमेय सिद्ध केल्यावर त्याचा व्यत्यास पुन्हा स्वतंत्रपणे सिद्ध करतात. मुले विचारतात, एकदा सिद्ध केले ना, मग परत कशाला? त्याचे उत्तर हेच आहे. व्यत्यास खरा आहे, पण तो फुकट मिळालेला नाही.

सर्पदंश आणि चुकीचा तर्क

आता हाच नियम जिवाच्या प्रसंगी लावून पाहू. भातलावणी आणि कापणीच्या दिवसांत आपल्या दोन्ही तालुक्यांत सापांची भीती असते. माणसाचे प्राण घेणारे प्रमुख विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग, घोणस किंवा फुरसे चावले तर चावल्या जागी बहुधा सूज येते, ठणका लागतो. यावरून लोकांनी एक वाक्य बांधले आहे : ‘चावल्या जागी सूज चढत गेली, तर विष भिनले.’ हे वाक्य सावधगिरीसाठी ठीक आहे.

परंतु माणसे तेवढ्यावर थांबत नाहीत. ती मनातल्या मनात त्याचे नकाराचे वाक्य करतात : ‘सूज आली नाही, तर विष भिनले नाही.’ हेच ते तिसऱ्या क्रमांकाचे वाक्य. ते मूळ वाक्यातून निघत नाही, आणि वस्तुस्थितीतही ते खोटे आहे. मण्यार बहुतेक रात्री, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते. त्या जागी सूज जवळजवळ येत नाही, वेदनाही फारशी होत नाही, कित्येकदा दातांची खूणसुद्धा दिसत नाही. माणूस म्हणतो, काही नाही, किडा चावला असेल, आणि पुन्हा झोपतो. काही तासांनी पोटात दुखते, उलटी होते, पापण्या जड होऊन खाली पडतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास अडखळतो. सूज नसल्यामुळे घरच्यांनी जो वेळ निश्चिंतपणे घालवला, तोच उपचाराचा वेळ होता.

दवाखान्यात डॉक्टर एक साधी चाचणी करतात. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलवता ठेवतात. रक्त गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचे विष अंगात आहे असे समजतात. पण रक्त गोठले तर विष नाही, असे कोणताही जाणता डॉक्टर म्हणत नाही. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर चालते, रक्त गोठण्याला ते धक्का लावत नाही. म्हणून चाचणी चांगली आली तरी रुग्णाला देखरेखीखाली ठेवून घेतात. अशा वेळी ‘रक्त तर चांगले आहे, मग आम्हाला घरी का सोडत नाही?’ म्हणून हुज्जत घालू नये. डॉक्टर तिसऱ्या क्रमांकाच्या वाक्याला फसत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

आता भगताकडे वळू. तिथे चालतो तो तर्क असा : ‘मंत्र खरा असेल तर माणूस वाचेल. माणूस वाचला. म्हणून मंत्र खरा.’ ही दुसऱ्या क्रमांकाच्या वाक्याची, म्हणजे उलट्या वाक्याची चूक आहे. माणूस वाचण्याला दुसरी कारणे असू शकतात. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. खाचरातली दिवड किंवा बांधावरची धामण चावली तर मंत्र घातला काय आणि न घातला काय, माणूस वाचणारच. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष टोचतोच असे नाही. अशा सर्व माणसांचे वाचणे मंत्राच्या खात्यावर जमा होते.

कडुनिंबाच्या पाल्याची परीक्षाही अशीच. ‘पाला कडू लागला नाही तर विष चढले, कडू लागला तर विष नाही,’ असे सांगतात. इथे तर मूळ वाक्यालाच आधार नाही आणि नकाराच्या वाक्यालाही नाही. आणि दुसरेच वाक्य अधिक घातक आहे, कारण ते माणसाला घरी थांबवते.

मंत्राची परीक्षा करायचीच असेल तर चौथ्या क्रमांकाच्या वाक्याने करावी, कारण तेच मूळ वाक्यातून न्यायाने निघते. ‘मंत्राने विष हमखास उतरत असेल, तर मंत्र घातलेला प्रत्येक माणूस वाचला पाहिजे.’ याचे उलट-नकाराचे वाक्य : ‘मंत्र घातलेला एकही माणूस दगावला, तर मंत्राने विष हमखास उतरत नाही.’ आपापल्या गावात असे कोणी दगावले आहे काय, हे ज्याचे त्याने आठवावे. यावर ‘आणायला उशीर झाला’, ‘घरात पथ्य पाळले नाही’ असे उत्तर मिळते. नीट पाहा, या अटी मूळ वाक्यात नव्हत्या. माणूस गेल्यावर त्या मागाहून जोडल्या. ज्या वाक्याला दर अपयशानंतर नवी अट चिकटवावी लागते, ते वाक्य काहीच सांगत नाही.

तेव्हा घरात एवढे ठरवून टाकावे : साप चावल्याचा संशय जरी आला, तरी सूज असो वा नसो, चावलेला अवयव न हलवता रुग्णाला निजवून १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. किन्हवली-डोळखांबकडच्यांनी शहापूर, टोकावडे-धसईकडच्यांनी मुरबाड गाठावे. वाटेत जवळचे आरोग्य केंद्र लागले तर तिथे प्रथम दाखवावे. जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. प्रतिविष हाच उपचार आहे. आणि पावसाळ्यात जमिनीवर निजावे लागत असेल तर मच्छरदाणी चहूबाजूंनी अंथरुणाखाली खोचून निजावे.

घटनेच्या आदेशातील वाक्य

तिसरे उदाहरण आपल्या धर्मांतराशीच निगडित आहे. १९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींची यादी जाहीर करणारा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात एक अट होती. तिचा आशय असा : जर एखाद्या व्यक्तीचा धर्म हिंदू नसेल, तर ती व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. पंजाबकडच्या काही शीख जातींपुरता तेवढा अपवाद होता. १९५६ च्या दुरुस्तीने शीख धर्माचा त्यात सरसकट समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी आणि लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, आणि या ‘जर’ची धार आपल्या समाजाला लागली.

उमरेडच्या राखीव जागेचा खटला यासंबंधी प्रसिद्ध आहे. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत तिथून डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला आहे, म्हणून ते राखीव जागेला पात्र नाहीत, असा आक्षेप घेतला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६४ साली न्यायालयाने मेश्रामांच्या विरुद्ध निकाल दिला. न्यायालयाचा तर्क पायरीपायरीने मांडून पाहा. हिंदू किंवा शीख नसेल तर अनुसूचित जातीचा नाही. मेश्राम यांनी उघडपणे बौद्ध धर्म स्वीकारला, म्हणून ते हिंदू वा शीख नाहीत. म्हणून ते अनुसूचित जातीचे नाहीत.

बंधूंनो, या तर्कात खोट दाखवता येत नाही. अट पुरी झाली आणि निष्कर्ष निघाला. खोट होती ती मूळ वाक्यात. धर्म बदलल्याने गावातली वागणूक बदलत नाही, पाणवठा बदलत नाही, गरिबी बदलत नाही, हे त्या वाक्याने लक्षात घेतले नव्हते. तर्क बिनचूक असूनही निकाल अन्यायाचा वाटू शकतो, आणि तसा वाटला तर तर्कावर न रागावता मूळ वाक्य बदलण्यासाठी झगडावे लागते, हा यातला मोठा धडा आहे. आपल्या समाजाने तेच केले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्याच्या हातातल्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या, पण केंद्राचा आदेश तसाच होता. अखेर १९९० साली संसदेने दुरुस्ती केली आणि त्या परिच्छेदात हिंदू, शीख यांच्याबरोबर बौद्ध हा शब्द आला.

म्हणून ‘धम्म घेतला तर मुलांच्या सवलती जातात’ असे कोणी आजही सांगत असेल, तर त्याला विचारावे, हे वाक्य कोणत्या सालचे? केंद्राच्या सवलतींपुरते ते १९९० पर्यंत खरे होते, आज ते खरे नाही.

पण याच ठिकाणी दुसरी चूक होते. आज वाक्य असे आहे : ‘जर धर्म हिंदू, शीख वा बौद्ध यांपैकी नसेल, तर ती व्यक्ती अनुसूचित जातीची नाही.’ काही पालक त्याचे नकाराचे वाक्य करतात : ‘आमचा धर्म बौद्ध आहे, तर आम्ही अनुसूचित जातीचे आहोतच. मग जात कशाला लिहायची?’ हे निघत नाही. या तीन धर्मांपैकी एखाद्या धर्माचे असणे ही इथे आवश्यक अट झाली, ती पुरेशी अट नाही. व्यक्ती किंवा तिचे पूर्वज यादीतल्या एखाद्या जातीचे असले पाहिजेत, ही दुसरी अट शिल्लक राहतेच. म्हणून जातीच्या दाखल्यासाठी धर्मांतरापूर्वीच्या जातीचा पुरावा मागतात. घरातल्या जुन्या माणसांचे शाळेचे दाखले जपून ठेवावेत, ते याच कारणासाठी.

जुन्या जातीचे नाव कागदावर लिहिताना हात अडखळतो, हे स्वाभाविक आहे. ज्या नावाने अपमान केला तेच नाव पुन्हा का लिहायचे, असे मुले विचारतात. त्यांना सांगावे की धर्माच्या रकान्यात आपण काय मानतो ते लिहितो, आणि जातीच्या रकान्यात समाजाने आपल्या आजोबा-पणजोबांशी काय केले त्याची नोंद देतो. ही दोन वेगळी विधाने आहेत. एक खरे आहे म्हणून दुसरे मान्य केले, असे होत नाही.

आपल्या शेजारच्या आदिवासी पाड्यांतूनही कधी विचारणा होते की ठाकूर किंवा कातकरी माणसाने धम्म घेतला तर काय? अनुसूचित जमातींचा १९५० चा आदेश वेगळा आहे आणि त्यात धर्माची अट घातलेली नाही. एका आदेशातला ‘जर’ उचलून दुसऱ्या आदेशाला जोडू नये.

दोन्ही बाजू सांगणारे वाक्य

काही वेळा मूळ वाक्य आणि त्याचे नकाराचे वाक्य, दोन्ही खरी असतात. तेव्हा ती दोन्ही स्पष्ट सांगावी लागतात. तथागतांच्या प्रतीत्यसमुत्पादाची मांडणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कारण असेल तर कार्य असते, एवढे सांगून ते थांबले नाहीत. कारण नाहीसे झाले तर कार्यही नाहीसे होते, हेही त्यांनी वेगळे सांगितले. पुष्कळांना ही पुनरुक्ती वाटते. आजचा पाठ वाचल्यावर ती तशी वाटू नये. पहिल्या वाक्यातून दुसरे निघत नाही, कारण त्याच कार्याला आणखी एखादे कारण असू शकले असते. आणि माणसाला प्रयत्नाची आशा देते ते दुसरेच वाक्य. विषमतेने दुःख होते, एवढे कळून माणूस कपाळाला हात लावून बसेल. विषमता गेली तर ते दुःख जाईल, हे कळले म्हणजे तो उठून कामाला लागेल.

म्हणून कोणीही ‘जर-तर’चे वाक्य सांगितले की मनात विचारावे : यांनी एकच बाजू सांगितली की दोन्ही? दुसरी बाजू सांगितली नसेल, तर ती आपल्या पदरची घालू नये. पुरावा मागावा.

स्वाध्याय

रविवारच्या वंदनेनंतर विहारात किंवा घरी मुलांना जवळ घेऊन पुढील वाक्यांची उलटे, नकाराचे आणि उलट-नकाराचे अशी तिन्ही रूपे करावीत, आणि कोणते खरे, कोणते खोटे, ते उदाहरण देऊन सांगावे.

१. जर एखादी संख्या १० ने विभाज्य असेल, तर ती ५ ने विभाज्य असते.

२. जर एखाद्याचे वय १८ वर्षांपेक्षा कमी असेल, तर त्याला मतदान करता येत नाही. (१८ वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकाला मतदान करता येते काय? यादीत नाव नसेल तर?)

३. जर नदीच्या वरच्या अंगाला धरणाचे दरवाजे उघडले, तर खाली पाणी वाढते. (पाणी वाढले, म्हणून दरवाजे उघडलेच असतील काय?)

४. ‘जो शिकला तो सुधारला.’ याचे नकाराचे वाक्य करून पाहा. न शिकलेल्या आपल्या आई-आजींकडे बघा आणि मग ते वाक्य खरे की खोटे ते सांगा.